ऑनलाइन बँकव्यवहार आणि इंदूरचा छोटा मुस्लिम व्यावसायिक



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला याच शाळेत जमाखर्च शिकविला. रोजकीर्द कशी लिहावी, खतावणी कशी करावी, तेरीज कशी जुळवावी, हे त्यांनी आम्हांस शिकविलेच; परंतु त्याहून महत्त्वाची एक गोष्ट त्यांनी आमच्या मनावर ठसविली. ते नेहमी सांगत की खाते हे रकमेचे नसते, माणसाचे असते. पुढे बत्तीस वर्षे मी बँकेची चाकरी केली. या वाक्याची आठवण मला अनेकदा झाली आणि एकदोनदा ती व्हावयास हवी होती तेव्हा झाली नाही. त्यांपैकी एक प्रसंग पुढे सांगणार आहे. आज मी निवडलेला विषय त्या प्रसंगाशी निगडित आहे.

घरबसल्या अथवा दुकानात बसल्या-बसल्या चालणारा जो बँकव्यवहार, त्यास आपण आता सरसकट 'ऑनलाइन' म्हणतो. या व्यवहाराने इंदूरच्या छोट्या मुस्लिम व्यावसायिकाच्या जीवनात काय फरक पडला, हे समजून घेण्याचा मी प्रयत्न करणार आहे. कोणी विचारील, यंत्राला धर्म नसतो, मग एका समाजाचा विचार वेगळा कशासाठी? आक्षेप रास्त आहे. यंत्र सर्वांना सारखेच. परंतु त्यापुढे उभी राहणारी माणसे सारख्या वाटेने आलेली नसतात. मुस्लिम व्यावसायिकाच्या बाबतीत तीन गोष्टी ध्यानी घ्याव्या लागतात. पहिली अशी की, या समाजात नोकरीपेक्षा स्वतःच्या धंद्यावर जगणाऱ्यांचे प्रमाण अधिक आहे. नोव्हेंबर २००६ मध्ये सादर झालेल्या न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीच्या अहवालानुसार मुस्लिम कामकऱ्यांपैकी सुमारे ६१ टक्के लोक स्वयंरोजगारावर होते. हिंदूंमध्ये हे प्रमाण सुमारे ५५ टक्के होते. दुसरी गोष्ट व्याजाविषयीच्या धर्माज्ञेची, आणि तिसरी बँकांशी असलेल्या जुन्या, काहीशा दुराव्याच्या नात्याची. २००१ च्या जनगणनेत लोकसंख्येच्या १३.४ टक्के असलेल्या या समाजाचा अग्रक्रम क्षेत्रातील कर्जाच्या येणे रकमेत वाटा सुमारे पाच टक्केच होता, असे त्याच अहवालाने दाखवून दिले.

पेढी, हुंडी आणि बँक

आपल्या जमाखर्चाच्या भाषेकडे थोडे लक्ष द्या. जमा, खर्च, बाकी, वसूल, हिशेब, रक्कम, तारीख हे सर्व शब्द अरबी-फारसीच्या वाटेने मराठीत आले आणि घरचे झाले. आपली गृहिणी वाण्याची बाकी चुकती करते तेव्हा या शब्दांचे मूळ कोणते, हा विचार तिच्या मनातही येत नाही. व्यापाराची भाषा या देशात फार पूर्वीच सामाईक झाली आहे, एवढेच यावरून मला सुचवावयाचे आहे.

इंदूर हे मूळचेच व्यापाऱ्यांचे शहर. माळव्याच्या अफूचा आणि कापसाचा व्यापार येथील पेढ्यांच्या हुंड्यांवर चाले. दाखविताक्षणी पैसे द्यावयाची ती दर्शनी हुंडी, ठराविक मुदतीनंतरची ती मुदती. शाहजोग हुंडीचे पैसे फक्त बाजारात पत असलेल्या शाहामार्फतच मिळत. म्हणजे कागद कोणाच्याही हाती पडला तरी पैसे नेणारा ओळखीचा असलाच पाहिजे. हुंडी गहाळ झाली तर पैठ, आणि पैठही हरवली तर परपैठ लिहून देण्याची रीत होती. आज ज्यास आपण ग्राहकाची ओळख पटविणे म्हणतो, ते काम त्या काळी बाजारातील नावलौकिक करीत असे.

पुढे १९२० मध्ये महाराजा तिसरे तुकोजीराव होळकर यांच्या सनदेने बँक ऑफ इंदूर स्थापन झाली. १९६० मध्ये ती स्टेट बँकेची उपकंपनी होऊन स्टेट बँक ऑफ इंदूर म्हणून ओळखली जाऊ लागली आणि २०१० मध्ये स्टेट बँकेत विलीन झाली. बँक आली, तरी छोट्या दुकानदाराचा खरा आधार पेढी, नातलग आणि उधारीची वही हाच राहिला. सियागंज, रानीपुरा, बोहरा बाजार, बंबई बाजार, खजराना या भागांत हिंडल्यास हे सहज दिसे. बोहरा समाजाच्या हाती लोखंडी सामान, रंग, काच, हत्यारे यांचा व्यापार. लोखंडवाला, रंगवाला अशी त्यांची आडनावेच धंद्यावरून पडलेली. इतर मुस्लिम कुटुंबांपैकी कोणी गाद्या-रजया भरणारे मन्सूरी, कोणी शिंपी, कोणी मोटारींचे मिस्त्री, कोणी बेकरीवाले, कोणी बांगड्या विकणारे. शहराबाहेर महेश्वरला साड्या विणणारे मोमीन आणि धार जिल्ह्यातील बाग येथे कापडावर ठसे उठविणारे खत्री कारागीर यांचाही माल इंदूरच्याच वाटेने पुढे जातो.

माझ्या हातून घडलेली एक गोष्ट

गेल्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत मी एका शाखेत कर्जाच्या अर्जांची छाननी करीत असे. पत्र्याच्या पेट्या तयार करणारे एक वयस्क मुस्लिम गृहस्थ पत्रा कापण्याच्या यंत्रासाठी कर्ज मागावयास आले. कागदपत्रे पूर्ण होती. तारण पुरेसे होते. मी त्यांच्या पेट्या स्वतः पाहिल्या होत्या. माझ्या बहिणीच्या लग्नात दिलेली पेटी त्यांच्याच हातची होती. परंतु अर्जावरील वस्ती पाहून शाखेतील एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मान हलविली. तेवढ्याने मी अर्जावर 'जागेची पाहणी समाधानकारक नाही' असा शेरा मारला. वास्तविक मी पाहणीस गेलोच नव्हतो. त्या गृहस्थांनी कारण विचारले नाही. कागद घडी करून खिशात ठेवले, 'चालेल, साहेब' म्हणाले आणि सलाम करून निघून गेले. यंत्र त्यांनी पुढे समाजातील बिनव्याजी उसनवारीतून घेतल्याचे मला मागाहून कळले.

सच्चर समितीचा अहवाल वाचताना मला हा प्रसंग आठवला. काही बँका विशिष्ट वस्त्यांना नकारात्मक विभाग ठरवून तेथे कर्ज व इतर सोयी देण्याचे टाळतात, असे त्यात नमूद आहे. मी ज्या शाखेत होतो तेथे असा लेखी नियम नव्हता. त्याची गरजही नव्हती. तो आमच्या मनातच होता.

म्हणूनच काउंटरवर बसलेल्या माणसाला वळसा घालून बँक थेट दुकानात पोहोचू लागली, तेव्हा यातून या लोकांचे काय होते, याविषयी मला विशेष कुतूहल वाटू लागले.

हा व्यवहार चालतो कसा

प्रथम यंत्रणा समजून घेऊ. रिझर्व्ह बँकेने इंटरनेट बँकिंगविषयीची मार्गदर्शक तत्त्वे २००१ मध्ये दिली. मोठ्या रकमांसाठी आरटीजीएस २००४ मध्ये, सर्वसाधारण रकमांसाठी एनईएफटी २००५ मध्ये आणि तत्काळ पैसे पोहोचविणारी आयएमपीएस २०१० मध्ये सुरू झाली. तरीही या सोयी गाद्या भरणाऱ्याच्या कामाच्या नव्हत्या. खाते क्रमांक, शाखेचा संकेतांक वगैरे लिहिण्याइतकी सवड कोणत्या ग्राहकाला असते? खरा पालट घडविला तो २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयने. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी जाहीर झाली आणि रोख रकमेवर चालणारे छोटे धंदे एका रात्रीत अडले. ज्यांना हौस नव्हती त्यांनाही मोबाइल हाती धरावा लागला.

दुकानावर चिकटविलेल्या चौकोनी चित्रात, म्हणजे क्यूआर कोडमध्ये, दुकानदाराचा एक पत्ता दडलेला असतो. ग्राहक तो मोबाइलने टिपतो, रक्कम लिहितो आणि आपला गुप्त अंक देतो. निरोप राष्ट्रीय देयक निगमाच्या यंत्रणेकडे जातो. ग्राहकाच्या बँकेतून रक्कम वजा होते, दुकानदाराच्या बँकेत जमा होते आणि दोघांनाही सूचना मिळते. एवढे सारे काही सेकंदांत उरकते. ग्राहकाचा खाते क्रमांक दुकानदाराला कळत नाही, दुकानदाराचा ग्राहकाला कळत नाही. जानेवारी २०२० पासून साध्या बँकखात्यातून होणाऱ्या अशा व्यवहारावर दुकानदाराकडून वेगळे शुल्कही घेतले जात नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये देशभरातील असे व्यवहार महिन्याला १,००० कोटींच्या वर गेले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते २,००० कोटींच्या पुढे पोहोचले.

लाभ कोणते झाले

पहिला लाभ वेळेचा. एकट्याने दुकान चालविणाऱ्यास बँकेत जावयाचे म्हणजे अर्ध्या दिवसाचा धंदा बुडवावयाचा. शुक्रवारी दुपारी तो जुम्याच्या नमाजाला जाणार. त्या दिवशी बँकेची वेळ साधणे अधिकच कठीण. रमजानमध्ये तर बाजाराचे घड्याळच उलटे होते. इफ्तारीनंतर गर्दी सुरू होते ती मध्यरात्र उलटेपर्यंत. पूर्वी अशा वेळी जमलेली रोकड घरी नेऊन सकाळपर्यंत सांभाळावी लागे आणि घाऊक व्यापाऱ्यास पैसे पोहोचेपर्यंत ईदचा नवा माल अडून राही. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी आणि १४ डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस अहोरात्र चालू झाले. सुरत-अहमदाबादच्या व्यापाऱ्याला रात्री अकराला पैसे पाठवून पहाटेच्या गाडीत माल चढविता येऊ लागला. ज्याच्या गाठीशी आठवड्याचेच भांडवल असते, त्याला एका दिवसाची बचत म्हणजे केवढी, हे धंदा करणाराच जाणे.

दुसरा लाभ लेखी पुराव्याचा. रोखीने चालणारा धंदा कितीही जुना असला, तरी बँकेच्या दृष्टीने तो अदृश्य असतो. आता दिवसाला चाळीस-पन्नास नोंदी आपोआप होतात. आयकर कायद्यातील अंदाजित नफ्याच्या तरतुदीतही याचा फायदा आहे. पात्र छोट्या व्यापाऱ्याने रोख विक्रीवर किमान ८ टक्के नफा धरावयाचा असतो. बँकेमार्फत आलेल्या विक्रीवर तो ६ टक्के धरता येतो. फेरीवाल्यांसाठी जून २०२० मध्ये आलेल्या पंतप्रधान स्वनिधी योजनेत आरंभी १०,००० रुपयांचे विनातारण कर्ज मिळे, आणि मोबाइलवरून व्यवहार करणाऱ्यास थोडी रक्कम परतही मिळे.

तिसरा लाभ बहुधा बँकांच्या ध्यानीही आला नसेल. मुस्लिम गृहस्थाला, त्याची संपत्ती ठराविक मर्यादेबाहेर असल्यास, दरवर्षी बचतीच्या व व्यापारी मालाच्या अडीच टक्के जकात गरिबांसाठी काढावी लागते. हे वर्ष चांद्र असते, सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. बँकेची सारी कागदपत्रे मात्र एप्रिल ते मार्च अशी. रमजानच्या एका तारखेपासून पुढल्या रमजानच्या त्याच तारखेपर्यंतचा हिशेब पूर्वी वहीतून निवडून काढावा लागे. आता कोणत्याही दोन तारखांमधील उतारा मोबाइलवर घेता येतो. माझ्या ओळखीचे एक रंगाचे व्यापारी सांगतात की पूर्वी ते अंदाजाने थोडी जास्तच जकात काढीत, आता नेमकी काढतात. आणि वर हसून म्हणतात की गरिबांचे त्यात थोडे नुकसानच झाले!

चौथा लाभ स्त्रियांचा. खजराना भागात घरी बसून शिवणकाम, जरीकाम करणाऱ्या कितीतरी भगिनी आहेत. त्यांची मजुरी पूर्वी घरातील पुरुषाच्या हाती पडे. ऑगस्ट २०१४ मध्ये जनधन योजनेतून खाती उघडली गेली, पुढे मोबाइल आला, आणि मजुरी त्यांच्या स्वतःच्या नावे जमा होऊ लागली. अर्थात ज्या घरात मोबाइल एकच आणि तो मुलाच्या खिशात, तेथे फरक कागदावरच राहिला, हेही सांगितले पाहिजे.

व्याजाचा प्रश्न

आता अधिक नाजूक विषयाकडे वळू. इस्लाममध्ये रिबा, म्हणजे कर्जावरील व्याज, घेणे आणि देणे निषिद्ध आहे. आजच्या बँकेचे सर्वच व्याज रिबा ठरते काय, याविषयी विद्वानांत वाद असला, तरी बहुसंख्य उलेमा तसेच मानतात. श्रद्धाळू व्यापारी बँकेकडे मुळातच संकोचाने पाहतो, तो यामुळे.

चालू खात्यावर आपल्याकडे व्याज दिले जात नाही, म्हणून पुष्कळांना ते निर्वेध वाटते. परंतु चालू खात्यात बरीच किमान शिल्लक ठेवावी लागते. छोट्या माणसाला बचत खातेच परवडते आणि त्यात व्याज न मागता जमा होते. ते वापरावयाचे नाही, आणि बँकेतही सोडावयाचे नाही, असा पेच पडतो. अनेक धर्मशास्त्री सांगतात की ती रक्कम पुण्याची अपेक्षा न धरता गरजूंना देऊन टाकावी. पूर्वी पासबुकातून ही नोंद शोधण्यास कारकुनाची मनधरणी करावी लागे. आता व्याजाची नोंद वेगळी दिसते, आणि तेवढीच रक्कम त्याच दिवशी बाजूला काढता येते. श्रद्धा आणि सोय यांचा असा मेळ क्वचितच बसतो.

कर्जाच्या बाबतीत मात्र तसे झाले नाही. बिनव्याजी बँकेचा विचार आपल्याकडे सरकारी पातळीवर झालेला आहे. डॉ. रघुराम राजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००८ मध्ये त्याची शिफारस केली होती. परंतु १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्याने बँकांना मालाची खरेदी-विक्री करण्यास मनाई आहे, आणि माल विकत घेऊन नफ्यासह हप्त्याने विकणे हा तर बिनव्याजी पद्धतीचा एक मुख्य प्रकार. सर्व नागरिकांना बँकसेवा मिळण्याची व्यापक व समान संधी उपलब्ध आहे, हे लक्षात घेऊन या प्रस्तावावर पुढे जावयाचे नाही असे ठरविल्याचे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये माहितीच्या अधिकारातील एका उत्तरात सांगितले.

म्हणून आधार राहिला तो आपसांतील व्यवस्थेचा. बोहरा समाजात कर्झे-हसना, म्हणजे बिनव्याजी कर्ज देण्याची संघटित परंपरा आहे. इतर मोहल्ल्यांत भिशी चालते. इंदूरकर तिला बीसी म्हणतात. वीस जणांनी महिन्याला ठराविक रक्कम काढावयाची आणि चिठ्ठी टाकून एकाला द्यावयाची. व्याज नाही, तारण नाही. भरवसा तेवढा हवा. गंमत अशी की ही जुनी भिशीही आता मोबाइलवर आली. वर्गणी थेट जमा होते, कोणी भरली व कोणी नाही, हे सर्वांना दिसते. नव्या यंत्राने बँकेची गिऱ्हाइके वाढविली खरी. पण त्याने बँकेला टाळणाऱ्यांचीही सोय केली.

तथापि त्याच मोबाइलवर दुसरेही एक दार उघडले आहे. 'तत्काळ कर्ज, कागदपत्रांविना' असे फलक दिवसातून दहा वेळा डोळ्यांपुढे येतात. जो मनुष्य बँकेच्या पायऱ्या चढावयास व्याजापायी कचरत होता, त्याच्या मुलाच्या अंगठ्याखाली आता कर्ज आहे, आणि तेही कधीकधी सावकारालाही लाजविणाऱ्या दराचे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये अशा कर्जांसाठी नियम केले. कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात जमा झाली पाहिजे आणि वार्षिक दर आधी स्पष्ट सांगितला पाहिजे, असे त्या नियमांत सांगितले होते. परंतु नियम माहीत नसणाऱ्याला त्यांचा आधार काय?

पडद्यावरील नाव

आता जी गोष्ट सांगावयाची, ती बोलताना जड वाटते. तिला टाळले तर मात्र विषयावर अन्याय होईल.

पैसे पाठविण्यापूर्वी ग्राहकाला पडद्यावर घेणाऱ्याचे नाव दिसते. फसवणूक टळावी म्हणून राष्ट्रीय देयक निगमाने २०२५ मध्ये असा आदेश दिला की, व्यक्तीव्यक्तींमधील आणि छोट्या दुकानदारांशी होणाऱ्या व्यवहारांत बँकेच्या दप्तरी असलेलेच नाव दाखवावे; ३० जून २०२५ ही त्यासाठी मुदत होती. हेतू सर्वथा योग्य आहे. परंतु परिणाम असा की, दुकानाच्या पाटीवर काहीही लिहिलेले असो, मालकाचे नाव प्रत्येक ग्राहकाच्या हातात उमटते. पूर्वी शाहजोग हुंडीवर नाव असे ते पत वाढविण्यासाठी. आज एखाद्याला आपले नाव दिसण्याचीच धास्ती वाटते.

ही धास्ती केवळ मनाचा खेळ आहे, असे म्हणून मोकळे होता येत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्याच शहरातील गोविंदनगरात बांगड्या विकणाऱ्या एका मुस्लिम फेरीवाल्यास मारहाण झाली आणि त्याने नाव लपविले, हाच वादाचा विषय केला गेला. जुलै २०२४ मध्ये कावड यात्रेच्या मार्गावरील दुकानदारांनी आपली नावे लावावीत असे आदेश निघाले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलैच्या अंतरिम आदेशाने अशी सक्ती करण्यास मनाई केली. म्हणजे नाव सांगावे तरी अडचण आणि न सांगावे तरी अडचण, अशी या माणसाची अवस्था होते. एका गादीवाल्याने मला सांगितले की, नाव वाचून क्षणभर थबकणारे ग्राहक आता त्याला ओळखू येतात. फार नाहीत, असेही त्याने आवर्जून सांगितले. बहुतेक जण पैसे देतात, मोबाइल खिशात टाकतात आणि रजई कधी मिळेल, तेवढेच विचारतात. त्या बहुतेकांवरच हे शहर चालले आहे. थबकणारा तो क्षण मात्र यंत्राने निर्माण केलेला नाही. तो आपण आपल्याबरोबर दुकानात आणतो.

गोठलेले खाते

दुसरे संकट सर्वच छोट्या दुकानदारांवर येते, पण ज्याच्यापाशी ओळखपाळख कमी त्याला ते अधिक जाचते. समजा, दूरच्या राज्यात कोणाची तरी ऑनलाइन फसवणूक झाली. चोराने ते पैसे पाच-सहा खात्यांतून फिरविले आणि त्यांतील एकाने तुमच्या दुकानातून पाचशे रुपयांची वस्तू घेतली. तक्रारीचा माग काढीत पोलीस तुमच्या खात्यापर्यंत येतात आणि बँक खाते गोठविते. कधीकधी ते पाचशे रुपयेच नव्हेत, तर सारी शिल्लक अडकते.

माझ्या परिचयाच्या एका मोटार-मिस्त्रीचे असेच झाले. ऐन ईदच्या आठवड्यात दोन कारागिरांचे पगार आणि सुट्या भागांचे देणे खात्यात अडकून पडले. बँकेने पोलिसांकडे बोट दाखविले, पोलीस ठाणे दुसऱ्या राज्यात, तेथील दूरध्वनी कोणी उचलीना. तो मला म्हणाला, 'काका, रोख रक्कम चोरीला गेली असती तर निदान चोराला शिव्या दिल्या असत्या.' त्याला अधिक लागले ते असे की, शेजारच्या दुकानदारांनी 'याने काही केले असेल काय' अशा नजरेने पाहिले. आम्ही बिले, गाडीचा क्रमांक, कामाची नोंद असे सारे जोडून लेखी अर्ज पाठविले. खाते सुटावयास सात आठवडे लागले.

वादातील रकमेपुरतेच खाते रोखावे, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले आहे. हे माहीत असलेला दुकानदार अर्ज वेगळ्या शब्दांत लिहितो. म्हणून माहिती हेच येथे खरे भांडवल होय.

तिसरी धास्ती कराची. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयवरील जमेच्या आधारे छोट्या विक्रेत्यांना वस्तू व सेवा कराच्या नोटिसा गेल्या आणि बंगळूरच्या कित्येक दुकानांतून क्यूआरची चित्रे उतरली. वस्तुविक्रीसाठी नोंदणीची मर्यादा सर्वसाधारणपणे वार्षिक ४० लाखांची, सेवेसाठी २० लाखांची. घाबरून रोखीकडे परत जाण्यात शहाणपण नाही. भिशीचे पैसे, भावाने दिलेली उसनवार आणि विक्री हे सारे एकाच खात्यात मिसळले, तर सारेच विक्रीसारखे दिसते. म्हणून धंद्याचे खाते निराळे आणि घरचे निराळे, हा जुना नियमच येथे कामास येतो.

काय करता येईल

उपाय मोठे नाहीत. विक्रीची साधी वही, किंवा निदान बिलांची फाइल, मोबाइलच्या जोडीला ठेवावी. फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. आपला काही दोष नसता त्रयस्थाच्या लबाडीने पैसे गेले आणि तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळविले, तर ग्राहकाला तोशीस पडू नये, असे रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात सांगितले होते. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. पैसे घेण्यासाठी गुप्त अंक कधीच द्यावा लागत नाही, हे तर दुकानातील पोऱ्यालाही पाठ असावे.

शाळांनीही यात हात घालावा असे मला वाटते. या शाळेतील नववी-दहावीचे विद्यार्थी सुट्टीत चार दिवस बाजारात जाऊन दुकानदारांना खात्याचा उतारा कसा काढावा, तक्रारअर्ज कसा लिहावा, एवढे शिकवतील, तर दोन्ही बाजूंचे शिक्षण होईल. दुकानदार यंत्र शिकेल. आपली मुले माणूस शिकतील.

शेवटी पुन्हा त्या पेटीवाल्या गृहस्थांकडे येतो. ते आज हयात नाहीत. त्यांचा नातू आता तेच दुकान चालवितो. गेल्या वर्षी त्याने यंत्र बदलण्यासाठी मोबाइलवरून अर्ज केला. व्याज न देता काम भागावे अशी घरच्या वडीलधाऱ्यांची इच्छा होती. नातवाने त्यांची समजूत घातली. दोन वर्षांच्या जमेच्या नोंदी पाहून एका संस्थेने होकार कळविला. कोणी वस्ती विचारली नाही, कोणी मान हलविली नाही. मला मनापासून आनंद झाला, आणि थोडी शरमही वाटली.

परंतु सावधपणे सांगतो. त्या यंत्राला काय पाहावे हे माणसेच शिकवितात. उद्या कोणी त्यास वस्तीचा पिनकोड पाहावयास शिकविले, तर माझ्या हातून घडले तेच पुन्हा घडेल. आणि तेव्हा शेरा मारणारा हात कोणाचा, हेही कळणार नाही. मी जो शेरा मारला त्याखाली निदान माझी सही होती. म्हणून यंत्र कितीही वेगाने चालो, नकार मिळालेल्याला कारण विचारण्याचा हक्क असला पाहिजे आणि त्यास उत्तर देणारा माणूस असला पाहिजे.

गुरुजींचे वाक्य मी आरंभी सांगितले. त्या वेळी मला ते जमाखर्चाचे सूत्र वाटले होते. ते नागरिकत्वाचेही सूत्र आहे, हे समजावयास मला एक चुकीचा शेरा आणि एवढी वर्षे लागली. तुम्हांला तितका उशीर लागू नये, एवढीच इच्छा व्यक्त करून आणि गुरुजींच्या स्मृतीस वंदन करून मी आपली रजा घेतो.